चॅनल म्हणजे नेमकं काय? बोरूपासून यूट्यूबपर्यंत एका शब्दाचा प्रवास

‘चॅनल सबस्क्राइब करा’ हे वाक्य तुम्ही आज किमान दोनदा तरी ऐकलं असेल. पण याच शब्दाची दुसरी रूपं बघा. घरचं वायफाय अडखळलं की कोणीतरी सांगतं, ‘राउटरचं चॅनल बदलून बघ.’ सुतार म्हणतो, ‘ड्रॉवरचं चॅनल खराब झालं.’ दुकानदार रात्री ‘चॅनल गेट’ ओढून कुलूप लावतो. भूगोलाच्या पेपरात ‘टेन डिग्री चॅनल’ येतं. आणि घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तर ‘अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल पाठवा’ हेही कानावर पडलेलं असतं.

शब्द एक आणि अर्थ इतके, मग यांचा एकमेकांशी संबंध आहे का? आहे, आणि तो एकदा लक्षात आला की वायफायची सेटिंग, रेडिओचा नंबर आणि व्हॉट्सॲपवरचा धोका या तिन्ही गोष्टी सोप्या होतात. म्हणून या लेखात शब्द मुळापासून बघूया.

आधी थोडक्यात

चॅनल म्हणजे काहीतरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारी, दोन्ही बाजूंनी बांधलेली अरुंद वाट. त्या वाटेतून काय जातं, ते वेळोवेळी बदलत गेलं:

• पाणी: नदीचं पात्र, पाट, समुद्रातली चिंचोळी पट्टी
• सरकणारी वस्तू: लोखंडी किंवा ॲल्युमिनिअमची खाच
• लहरी: रेडिओ, टीव्ही, वायफाय
• वीज: चिपमधला ट्रान्झिस्टर
• माहिती: यूट्यूब, टेलिग्राम, व्हॉट्सॲप
• कागद: ऑफिसातली साहेबांची उतरंड

शब्द आला कुठून?

लॅटिन भाषेत ‘कान्ना’ म्हणजे बोरू, वेत, आतून पोकळ असलेलं गवताचं कांडं. लॅटिनमध्ये हा शब्द ग्रीकमधून आला आणि ग्रीकमध्ये त्याहून जुन्या मेसोपोटेमियाकडच्या भाषांतून. अक्कादी भाषेत बोरूला ‘कनू’ म्हणत. नद्यांच्या काठी बोरू माजणारा तो प्रदेश, त्यामुळे शब्द तिथला असावा यात नवल नाही.

पोकळ कांड्यातून पाणी वाहून नेता येतं. म्हणून लॅटिनमध्ये ‘कान्ना’वरून ‘कॅनालिस’ झालं. अर्थ: पाण्याची नळी, पन्हळ, चर. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये ‘शनेल’सारखं रूप आलं आणि इंग्रजीत ‘चॅनल’. इंग्रजीतला त्याचा सुरुवातीचा अर्थ वाहत्या पाण्याचं पात्र हाच होता.

गंमत म्हणजे तोच लॅटिन शब्द इंग्रजीत पुन्हा एकदा आला, तो ‘कॅनल’ म्हणून. त्यामुळे चॅनल आणि कॅनल हे सख्खे भाऊ आहेत, फक्त वेगवेगळ्या वेळी घरी आलेले. पुढे दोघांनी कामं वाटून घेतली. माणसाने खोदलेला तो कॅनल, म्हणजे सुएझ, पनामा. निसर्गाने केलेलं ते बहुतेक वेळा चॅनल.

याच कुळात आणखी कोण आहे बघा. शुगरकेनमधलं ‘केन’ म्हणजे कांडं. ‘कॅनन’ म्हणजे तोफ, कारण तोफ ही एक मोठी नळीच. ‘कॅन्यन’ म्हणजे खोल, अरुंद दरी; हा शब्द स्पॅनिशमार्गे आला. आणि सलाइन लावताना नर्स हाताच्या शिरेत सरकवते ती ‘कॅन्युला’, शब्दशः छोटंसं बोरू.

आपल्याकडेही हेच झालं

आता मराठी बघा. संस्कृतात ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे बोरू, देवनळ. म्हणजे तेच पोकळ गवत. त्यावरून मराठीत नळ आला, नळी आली, श्वासनलिका, अन्ननलिका, नळकांडं आलं. डॉक्टर मनगटावर बोट ठेवून बघतात ती नाडीही त्याच घरातली. आणि विदर्भात आपण रस्त्याच्या कडेच्या गटाराला सरळ ‘नाली’ म्हणतो, तीही.

म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांनी बोरू बघून पाइपला नाव दिलं आणि इथल्या लोकांनीही बोरू बघूनच दिलं. शब्द वेगळे, डोक्यातलं चित्र एकच.

याहून भारी उदाहरण म्हणजे ‘प्रणाली’. आज आपण संगणक प्रणाली, कार्यप्रणाली, परीक्षा प्रणाली असं म्हणतो. फोनमधल्या ॲन्ड्रॉइडला मराठीत ‘कार्यप्रणाली’ लिहितात. पण संस्कृतात प्रणाली म्हणजे पाणी वाहून नेणारी वाट, पाट, मोरी. जुन्या घराच्या छपराला पावसाचं पाणी खाली सोडायला लावतात ती ‘पन्हळ’ हिचीच बहीण, आणि ‘पन्हळी पत्रे’ हा शब्द त्या पन्हळीवरून. पाणी ठरलेल्या वाटेने जातं, तसं काम ठरलेल्या वाटेने जावं म्हणून प्रणाली. ॲन्ड्रॉइड अपडेट करताना तुम्ही, भाषेच्या हिशोबाने, एक पन्हळ दुरुस्त करत असता.

मराठीत पाण्याच्या वाटांना शब्द कमी नाहीत. शेतात पाणी नेतो तो पाट, आणि त्यावरूनच ‘पाटबंधारे विभाग’. मोठा तो कालवा. नुसता खोदलेला तो चर. बारीक वाहतो तो ओहोळ. नदी जिच्यातून वाहते ते पात्र. नागपूरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी पेंच प्रकल्पाचं. तेव्हा धरण, कालवा, जलवाहिनी, नळ ही साखळी पाहिली तर इंग्रजी ‘चॅनल’चे चार-पाच अर्थ तिथेच दिसतात.

भूगोलातलं चॅनल: अरुंद म्हणजे किती?

समुद्रात दोन भूभागांच्या मध्ये सापडलेली पाण्याची पट्टी म्हणजे चॅनल. सगळ्यात प्रसिद्ध इंग्लिश चॅनल, मराठीत इंग्लिश खाडी, इंग्लंड आणि फ्रान्सच्या मध्ये. डोव्हरजवळ तिची रुंदी साधारण ३३ किलोमीटर. फ्रेंच लोक तिला ‘ला मांश’ म्हणतात, म्हणजे बाही. आकार तसाच, एका टोकाला निमुळता.

लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांमध्ये ‘ओशन्स सेव्हन’ नावाचं आव्हान आहे: जगातल्या सात कठीण सागरी पट्ट्या पोहून पार करायच्या. त्यात इंग्लिश चॅनल, नॉर्थ चॅनल, कॅटलिना चॅनल, हवाईचं मोलोकाई चॅनल आणि तीन सामुद्रधुन्या येतात. पुण्याचा रोहन मोरे २०१८ मध्ये हे सातही पूर्ण करणारा पहिला भारतीय आणि पहिला आशियाई ठरला.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांसाठी भारतातली तीन चॅनल्स पाठ असलेली बरी. नावं अक्षांशावरून आहेत:

• टेन डिग्री चॅनल: अंदमान आणि निकोबारच्या मध्ये
• नाइन डिग्री चॅनल: मिनिकॉय आणि बाकीच्या लक्षद्वीपच्या मध्ये
• एट डिग्री चॅनल: मिनिकॉय आणि मालदीवच्या मध्ये

टेन डिग्री चॅनल साधारण १५० किलोमीटर रुंद आहे. याला अरुंद म्हणायचं? नकाशावर बाजूला बंगालचा उपसागर ठेवून बघा, मग पटतं. अरुंद हा शब्द नेहमी शेजारच्याच्या तुलनेत असतो. मग सामुद्रधुनी वेगळी कशी? इंग्रजीत तिच्यासाठी ‘स्ट्रेट’ हा शब्द आहे आणि त्याचं मूळ ‘आवळलेलं’ अशा अर्थाचं आहे. ढोबळमानाने सामुद्रधुनी जास्त चिंचोळी आणि चॅनल थोडं ऐसपैस. पण हा पक्का नियम नाही. नावं त्या त्या खलाशांनी दिली, इंजिनिअरांनी नाही.

चॅनल गेट आणि ड्रॉवरचं चॅनल

नागपुरात अपार्टमेंटच्या जिन्याला किंवा दुकानाला जे घडी होत सरकणारं लोखंडी जाळीचं दार असतं, त्याला सगळे चॅनल गेट म्हणतात. का? कारण त्याच्या उभ्या पट्ट्या सपाट नसतात. त्या इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या तीन बाजूंनी वळवलेल्या असतात, मध्ये खाच असते. लोखंडाच्या बाजारात या आकारालाच चॅनल म्हणतात: अँगल, चॅनल, गर्डर. दुकानात ‘आयएसएमसी १००’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यातला शेवटचा ‘सी’ म्हणजे चॅनल आणि १०० म्हणजे मिलिमीटरमधली उंची.

सुताराचं ड्रॉवर चॅनल आणि सरकत्या खिडकीची पट्टीही याच अर्थाची. इथे पाणी नाही, पण पन्हळ आहे. खाचेत बसलेली वस्तू फक्त पुढे-मागे जाते, आजूबाजूला नाही. चॅनलचा हा गुण लक्षात ठेवा: ते नुसती वाट देत नाही, बाकीच्या वाटा बंदही करतं.

रेडिओ: नागपूरच्या नंबराचं गणित

लहरींना भिंती नसतात. मग त्यांना चॅनल कसं द्यायचं? उत्तर आहे फ्रिक्वेन्सी. प्रत्येक केंद्राला फ्रिक्वेन्सीची एक अरुंद पट्टी द्यायची आणि सांगायचं, तू याच पट्टीत वाहायचं. शेजारच्याच्या पट्टीत शिरलास तर दोघांचाही आवाज बिघडेल.

आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. मध्यम लहरींवर त्याचा नंबर ५८५ किलोहर्ट्झ. हा नंबर असाच कुठलाही उचललेला नाही. ५८५ ला ९ ने भागून बघा: बरोबर ६५. आपल्या भागासाठी १९७५ मध्ये जिनिव्हात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मध्यम लहरींवरची केंद्रं एकमेकांपासून ९ किलोहर्ट्झ अंतरावर बसवलेली आहेत, ५३१ पासून १६०२ पर्यंत, एकूण १२० जागा. हा करार १९७८ मध्ये लागू झाला. त्यामुळे आपल्याकडच्या मध्यम लहरींच्या केंद्राचा नंबर ९ च्या पाढ्यातला असतो.

नागपूरजवळ बुटीबोरीला आकाशवाणीचा आणखी एक मोठा ट्रान्समीटर होता: १५६६ किलोहर्ट्झ, ताकद १००० किलोवॅट. याच्यावरून १९८८ पासून रात्रीची देशव्यापी सेवा चालायची, आणि तिचं नावच होतं ‘नॅशनल चॅनल’. देशाच्या मधोमध असलेल्या नागपुरातून सोडलेली लहर रात्री चारही दिशांना लांबवर पोचायची. ही सेवा २०१८ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला. १५६६ भागिले ९? १७४. पाढा चुकत नाही.

एफएमवरही हेच. ९३.५ आणि ९४.३ यांच्यामध्ये ०.८ मेगाहर्ट्झचं अंतर आहे. ९१.१, ९१.९, ९२.७ हेही तसेच. मधली जागा रिकामी वाटते, पण ती मुद्दाम सोडलेली असते. दोन घरांच्या मध्ये बोळ सोडावा तशी.

टीव्ही: नंबर राहिला, वाट गेली

जुन्या टीव्हीला गोल बटण असायचं. ते फिरवून तुम्ही खरोखरच वेगळी फ्रिक्वेन्सी निवडत होता. दूरदर्शनच्या जुन्या प्रक्षेपणात एका चॅनलला ७ मेगाहर्ट्झची पट्टी लागायची. म्हणजे ‘चॅनल बदलणं’ हे एका पाटातून दुसऱ्या पाटात जाणं होतं. अमेरिकेत तर टीव्हीचं चॅनल नंबर एक अस्तित्वातच नाही, कारण १९४८ मध्ये ती पट्टी टीव्हीकडून काढून इतर रेडिओ सेवांना दिली गेली. बाकीच्यांनी आपले नंबर बदलले नाहीत, म्हणून यादी दोनपासून सुरू होते.

आज डीटीएचवर असं काही नसतं. एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनल्स एकत्र दाबून पाठवलेली असतात आणि रिमोटवरचा नंबर ही फक्त चिठ्ठी असते. म्हणूनच एकच मराठी चॅनल एका कंपनीच्या डिशवर एका नंबरला आणि दुसरीच्या डिशवर भलत्याच नंबरला सापडतं. इथून पुढे चॅनल हा शब्द वाटेपासून सुटला आणि वाटेवरून येणाऱ्या कार्यक्रमांचं नाव झाला.

चॅनलमध्ये मावतं किती?

आता थोडं गंभीर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी घरात शिरलं. माणसं दगावली, असंख्य घरांचं, दुकानांचं नुकसान झालं. ज्या नदीवरून शहराला नाव मिळालं, ती एरवी अनेकांना नाल्यासारखी वाटते. पण नदी लहान दिसते म्हणून तिच्यात येणारं पाणी लहान होत नाही. प्रत्येक पात्राची वाहून नेण्याची एक मर्यादा असते. पात्र जितकं अरुंद कराल, त्यात जितका गाळ आणि कचरा साचू द्याल, तितकी ती मर्यादा खाली येते. मर्यादा ओलांडली की पाणी थांबत नाही, ते वस्तीतून वाट काढतं.

माहितीच्या चॅनललाही अशीच मर्यादा असते, आणि ती नेमकी मोजता येते हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये दाखवलं. नागपूर आकाशवाणी सुरू झाली त्याच महिन्यात, जुलैमध्ये, त्याच्या शोधनिबंधाचा पहिला भाग छापून आला. त्याचं सूत्र मराठीत लिहायचं तर:

क्षमता = पट्टीची रुंदी × लॉग२ (१ + सिग्नल ÷ गोंगाट)

सूत्र बघून घाबरू नका, उदाहरण घेऊ. वायफायची पट्टी २० मेगाहर्ट्झ रुंद आहे आणि सिग्नल गोंगाटाच्या १००० पट आहे. मग क्षमता येते सेकंदाला सुमारे २०० मेगाबिट. आता तीन गोष्टी करून बघू:

१. सिग्नलची ताकद दुप्पट केली: सुमारे २२०. फक्त दहा टक्के वाढ.
२. तेवढ्याच ताकदीत रुंदी दुप्पट केली: सुमारे ३६०. पट्टी रुंद झाली की गोंगाटही जास्त आत येतो, म्हणून ४०० नाही. तरीही मोठी वाढ.
३. शेजारच्यांच्या राउटरमुळे गोंगाट वाढून सिग्नल फक्त १५ पट उरला: क्षमता ८० वर आली.

यातून धडा सरळ आहे. जोर लावून फार काही मिळत नाही. पात्र रुंद करा, नाहीतर त्यातला कचरा काढा. नदीला लागू, राउटरलाही लागू.

घरच्या वायफायचं चॅनल: काय करायचं?

२.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये आपल्याकडे १ ते १३ अशी चॅनल्स असतात. चॅनल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर आणि पुढचं प्रत्येक चॅनल फक्त ५ मेगाहर्ट्झ पुढे. पण एका चॅनलची रुंदी असते साधारण २० मेगाहर्ट्झ. म्हणजे तेरा दारं आहेत असं वाटतं, पण प्रत्येक दार शेजारच्या तीन-चार दारांवर चढलेलं. एकमेकांना अजिबात न खेटणारी फक्त तीन निघतात: १, ६ आणि ११.

अपार्टमेंटमध्ये पंधरा-वीस राउटर असतील आणि त्यातले निम्मे ६ वर असतील, तर प्लॅन कितीही महागाचा घ्या, संध्याकाळी व्हिडिओ फिरत राहणार. हे करून बघा:

• ॲन्ड्रॉइड फोनवर एखादं वायफाय ॲनालायझर ॲप घ्या. त्यात कुठल्या चॅनलवर किती गर्दी आहे ते दिसतं.
• राउटरच्या सेटिंगमध्ये जा. पत्ता आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर असतो.
• २.४ साठी १, ६, ११ पैकी सगळ्यात मोकळं निवडा. ३ किंवा ८ निवडलंत तर दोन्हीकडची गर्दी अंगावर घ्याल.
• फोन, लॅपटॉप राउटरच्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. तिथे न खेटणारी चॅनल्स बरीच जास्त आहेत. भिंतींपलीकडे मात्र ते लवकर दमतं.
• २.४ वर रुंदी ४० करू नका. एकट्या बंगल्यात ठीक, अपार्टमेंटमध्ये तुम्ही स्वतःचंही आणि शेजाऱ्याचंही नुकसान कराल.

फोनच्या आत दडलेली चॅनल्स

फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या तीन टोकांची नावं आहेत सोर्स, गेट आणि ड्रेन. म्हणजे उगम, दार आणि आपली नाली! आणि सोर्सपासून ड्रेनपर्यंत वीज ज्या अतिबारीक वाटेने वाहते, तिला चॅनलच म्हणतात. गेटवर व्होल्टेज दिलं की वाट उघडते, काढलं की बंद. कालव्याच्या झडपेसारखं.

फोटोतही चॅनल असतात: लाल, हिरवा, निळा. या तिन्हींच्या मिश्रणातून रंग तयार होतो. चौथं ‘अल्फा’ चॅनल पारदर्शकता सांगतं. अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी ते काढलं. व्हॉट्सॲप स्टिकरच्या मागे पांढरा चौकोन दिसत नाही, तो या अल्फामुळे. आवाजात मोनो म्हणजे एक चॅनल, स्टीरिओ म्हणजे दोन.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना ‘गो’ भाषेत चॅनल भेटेल: एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे डेटा नेणारी नळी. आणि सुरक्षेच्या क्षेत्रात ‘साइड चॅनल’: कुलूप न तोडता, गणिताला किती वेळ लागला, किती वीज लागली यावरून गुपित ओळखणं. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष याच जातीचे. मुख्य पन्हळ पक्की होती, पाणी बाजूने झिरपत होतं.

यूट्यूब, टेलिग्राम, व्हॉट्सॲप: वाट एकेरी आहे, हे विसरू नका

गप्पांमधलं चॅनल जुनं आहे. १९८८ मध्ये फिनलंडच्या यार्को ओइकारिनेनने आयआरसी नावाची चॅट व्यवस्था बनवली, त्यातल्या खोल्यांना चॅनल म्हणत आणि नावाआधी हॅशचं चिन्ह असायचं. तिथे सगळे बोलू शकत. टेलिग्रामने २०१५ मध्ये आणि व्हॉट्सॲपने भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आणलेलं चॅनल वेगळं आहे. इथे ॲडमिन बोलतो, बाकीचे ऐकतात.

ग्रुप आणि चॅनल यातला हा फरक छोटा वाटतो, पण पैसे बुडतात ते इथेच. समजा ‘रोज दोन टक्के नफा’ किंवा ‘उद्याचा पेपर आजच’ असं सांगणारं एक चॅनल आहे. त्यात वीस हजार लोक आहेत. त्यातले पाचशे जण फसले. ग्रुप असता तर निदान एखाद्याने लिहिलं असतं, ‘भाऊ, पैसे देऊ नका, मी फसलो.’ चॅनलमध्ये त्याला लिहायला जागाच नाही. जागा दिलीच तर ॲडमिन ती खोडू शकतो. तुम्हाला दिसतात फक्त ॲडमिनने निवडलेले नफ्याचे स्क्रीनशॉट. चॅनल बाकीच्या वाटा बंद करतं, हे लोखंडी खाचेच्या वेळी म्हटलं होतं, ते इथेही खरं आहे.

म्हणून काही सवयी लावून घ्या:

• फॉलोअरचा आकडा म्हणजे विश्वास नव्हे. जुनं, लाखो सबस्क्रायबरचं यूट्यूब चॅनल हॅक करून त्याचं नाव-फोटो बदलून लोकांना फसवलं जातं.
• यूट्यूब चॅनलचं नाव बदलता येतं. ‘यूसी’ने सुरू होणारा आयडी तोच राहतो. माहितीच्या पानावर चॅनल कधी सुरू झालं ते दिसतं. ‘कंपनीचं अधिकृत चॅनल’ आणि वय तीन आठवडे, तर सावध व्हा.
• लिंक चॅनलमधून उघडू नका. संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवर जाऊन तिथून तिच्या चॅनलवर या. उलट दिशेने प्रवास करा.
• शेअर बाजाराचा सल्ला देणाऱ्याची नोंदणी सेबीच्या वेबसाइटवर तपासा.
• व्हॉट्सॲप चॅनलवरचे मेसेज खाजगी चॅटसारखे एंड-टू-एंड एनक्रिप्टेड नसतात. ती जाहीर जागा आहे. तुमचा नंबर मात्र इतर फॉलोअरना दिसत नाही.
• फसलात तर लाज न बाळगता लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत जास्त असते.

‘थ्रू प्रॉपर चॅनल’

सरकारी कचेरीत कर्मचाऱ्याचा अर्ज थेट मोठ्या साहेबाकडे जात नाही. आधी लगेचच्या वरच्याकडे, मग त्याच्या वरच्याकडे, प्रत्येक टेबलावर शेरा घेत. याला ‘थ्रू प्रॉपर चॅनल’, मराठीत ‘योग्य त्या मार्गाने’ म्हणतात. इथेही तीच नळी आहे, फक्त पाण्याऐवजी फाइल वाहते. आणि क्षमतेचा नियम इथेही चुकत नाही: एका टेबलावर फाइल अडली की मागचा सगळा पाट तुंबतो.

मराठीत काय म्हणायचं?

टीव्हीसाठी ‘वाहिनी’ हा शब्द छान रुळला. वाहून नेते ती वाहिनी. रक्तवाहिनी, जलवाहिनी, तशी दूरचित्रवाहिनी. टाइप करताना एक काना सुटला की तिची ‘वहिनी’ होते, तेवढं सांभाळा. यूट्यूबला मात्र लोक चॅनलच म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. लिहिताना चॅनल आणि चॅनेल दोन्ही चालतं. एका लेखात एकच ठेवा. लिंगाचंही तसंच: ‘ते चॅनल’ आणि ‘तो चॅनल’ दोन्ही ऐकू येतं, या लेखात ‘ते’ वापरलं आहे. रेडिओ-वायफायबद्दल लिहिताना ‘पट्टी’, नदीबद्दल ‘पात्र’, शेतात ‘पाट’. प्रत्येक जागी आपल्याकडे शब्द आहे.

पुढच्या वेळी चॅनल हा शब्द कुठेही भेटला तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. यातून काय वाहतंय? किती मावतं? आणि वाट दोन्ही बाजूंनी चालू आहे की एकाच? या तीन उत्तरांत राउटर, नदी आणि टेलिग्रामवरचा ‘गुरुजी’, तिघांचाही हिशोब लागतो.